झिंगीचा हात कुठीवर पुरते

आमच्या सावलीकडच्या तलावाच्या पाळीवर चार ढिवर जाळं विणाले बसले का किस्से खवल्यावानी अंगाले चिकटतेत. झटकले तरी एखादा राह्यतेच! माह्या अंगावरचे तर अर्धे माह्या नातनीचे. नाव रोशनी, मी म्हनतो झिंगी, झिंग्या मासोळीवानी बारकी म्हनून. नऊ वर्साची झाली तरी दिसे पाचाची!

*

लहानपनी तिची पप्पी घेतली का ओठाले खारट लागे. मी पाळीवर सांगो, "आमच्या घरी समुद्रातली मासोळी जलमली!"

नागपूरच्या डॉक्टरीणबाईले बी तोच जोक मारला. बाई हासली नाई. पोरीचा घामच तपासाले पाठवला! निंगाला सिस्टिक फायब्रोसिस. छातीत कफ चिकट, खाल्लेलं अंगी लागत नाई.

बाई म्हने, "आजोबा, अर्धं निदान तर तुमच्या थट्टेनंच केलं!"

तवापासून मी अर्धा डॉक्टर.

*

कफ सुटाले रोज तिची पाठ थापटा लागते. एक दिवस नवी आशाताई दारातूनच बोंबलली, "बाबाजी, पोरीले मारता काऊन?"

झिंगी पालथी पडल्या पडल्या म्हने, "मारत नाई वो, वाजवून राह्यले. तुमाले बी वाजवून पायजे का?"

*

गोळ्या झाल्या, तूप-अंडे झाले. वजन वाढलं, उंची हालेना. पुन्हा तपासलं, तर वाढीचं हार्मोनच कमी! झोपाच्या आधी रोज एक सुई सुरू झाली.

माही सून मंदा म्हने, "औषध थंड ठेवा लागते."

थंड ठेवाचं मले शिकवते? चाळीस वर्सं मासोळी ठेवून राह्यलो! लाईन गेली तसं उचललं औषध, खुपसलं बर्फाच्या पेटीत, वरून मूठभर मीठ. सकाळी पाहतो तं गोटा!

"गोठलं म्हणजे वाया गेलं," डॉक्टरीणबाई फोनवर. मंदानं माही बर्फाची पेटीच आंगनात पालथी केली.

झिंगी म्हने, "आबाजी, झिंगी म्हनता म्हनून खरंच बर्फात घालता का?"

*

आंगनात डोंगा ढकलाचा जुना बांबू गाडला हाये. त्याच्यावर साऱ्या घराच्या उंचीच्या खुणा. तीन महिने झिंगीची खूण जागची हालली नाई. रोज पाहे अन् गपचूप आत जाये. मले पाहवेना. ती शाळेत गेली तवा बांबूच चार बोटं खाली ठोकला!

आली, उभी राह्यली, नाचली. मंग मले हात धरून बांबूले उभं केलं.

"तुमी बी वाढले आबाजी! तुमाले बी सुई लागली का?"

हासली, पन आत जाऊन रडली. तवापासून मी बांबूले हात लावला नाई.

*

माहा तमाखू-सुपारीचा खर्रा दिसला का झिंगी उकिरड्यात फेके. म्हनून मी वरच्या फळीवर ठेवो. तिथी तिचा हात पुरे नाई. घरात स्टूल एकच, त्याच्यावर मी दिवसभर ठाण मांडून!

दीड वर्स सुया झाल्या. एक दिवस दुपारी स्टूलावरच डुलकी लागली. डोळे उघडले, उठून फळीवर हात फिरवला. खर्रा नाई!

"मंदाऽ!"

"मी आत्ताच धानाच्या बांधीतून येऊन राह्यली," सून दारातून.

"झिंगे, कोनी काढला?"

"मी."

"खोटारडी! कशावर चढली?"

"कशावर चढू आबाजी? स्टूलावर तं तुमी बसून होते!"