शंकेखोर मुलीचा नंबर

वर्गात तिला सगळे शंकेखोर म्हणायचे. मी फळ्यावरचं गणित सोडवून खडू खाली ठेवला, की हिचा हात वर. आता ती आमच्या वरच्या मजल्यावर नवरा आणि सासूबाईंसोबत राहते, आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत शंका काढण्याचाच पगार घेते. हे तिला विचारूनच लिहितेय. "नाव तेवढं घालू नका, बाई," म्हणाली.

चार दवाखाने, त्यांतला एक मनोविकारांचा, आणि एक विमा कंपनी मिळून ब्लॉकचेनवर सामाईक नोंद ठेवणार होते; ती यंत्रणा तिची कंपनी बनवत होती. प्रत्येकाकडे त्या नोंदीची प्रत, आणि एकदा लिहिलेलं कुणालाच खोडता येणार नाही. रुग्णाच्या नावाऐवजी एक नंबर.

"नावच नाही, तर कळणार कुणाला?" तिचे साहेब म्हणाले.

"पण साहेब, नंबर सगळीकडे एकच आहे."

"झालं हिचं सुरू," कुणीतरी पुटपुटलं.

तोंडी सांगून पटेना. दाखवायचं तर खरा माणूस हवा, आणि दुसऱ्याचं झाकलेलं उघडं करणं तिच्या स्वभावात नाही. चाचणीसाठी कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्याच खऱ्या नोंदी भरल्या होत्या. त्यांत तिचीही होती. वडील गेल्यावर ती दर गुरुवारी मनोविकारतज्ज्ञांकडे जात होती. घरी सांगायची, ऑफिसात उशीर झाला.

बैठकीत ती विमा कंपनीच्या माणसाला म्हणाली, "माझं दाताचं बिल तुमच्याकडे आहे. त्या तारखेवरून सामाईक नोंदीतला माझा नंबर काढा, आणि तो कुठे कुठे गेलाय ते वाचा."

त्याने दाताचा दवाखाना वाचला, डोळ्यांचा वाचला, आणि थांबला. "पुढचं राहू द्या, ताई."

"वाचा. तुम्ही थांबलात, सगळेच थांबतील असं नाही."

त्याने मनोविकारांचाही वाचला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि काम थांबवलं. नंतर प्रत्येक संस्थेत रुग्णाला वेगळा नंबर मिळाला. तपशील ज्याचा त्याच्याकडे राहिला. सामाईक नोंदीत त्या तपशिलाचा फक्त एक सांकेतिक ठसा, कुणी फेरफार केला तर ओळखू येण्यापुरता.

पण खोलीतल्या माणसांनी ऐकायचं ते ऐकलं होतंच. बाहेरून कानावर जायच्या आत तिने बैठकीच्या दिवशीच संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"गुरुवारचं ना?" त्या म्हणाल्या. "डोळे लाल करून यायचीस, पण दोन घास जास्त जेवायचीस. म्हटलं, जातेय तिथे बरं वाटतंय. विचारलं असतं तर जायची थांबली असतीस."

"यांना सांगितलंत?"

"त्याला? त्याला भाजीत मीठ नसलं तरी कळत नाही." त्यांनी एक किडकं पान बाजूला टाकलं. "आणि मी कशाला सांगू? ते तुझं आहे."