जांभळ्या पोटाची वेल

नलिनी वेल बघायची ती पालथी पडून. कॉलेजच्या कुंपणाशी, इस्त्रीच्या साडीनिशी, सगळ्यांसमोर. "स्वल्प सरक अक्का, उजेड अडवतेस," हे तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. मी तिच्याच वयाची, तरी तिने मला कायम अक्काच म्हटलं.

तिचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, म्हणून बोलण्यात कानडी शब्द; वडील वकील. मी निपाणीकडची, राजाजीनगरला मामांकडे राहणारी, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. बीएस्सीच्या शेवटी वनस्पतिशास्त्राच्या सरांनी सांगितलं, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला मदतनीस हवा. त्याची एमएस्सीची फी माफ. ती जागा मिळाली नाही तर मला गावी परतायचं होतं. निवडीसाठी प्रत्येकाने एक वनस्पती दाबून, वाळवून आणायची होती.

आम्ही दोघींनी कुंपणाखालची बारमाही हिरवी वेल घेतली. जमिनीवर पसरणारी, पानांवर रुपेरी पट्टे, पानाचं पोट जांभळं. तिचं खोड रसाळ, म्हणून दाबण्याआधी ती उकळत्या पाण्यात बुडवतात. मी विचारून घेतलं होतं. माझा नमुना चोख वाळला. नलिनीने विचारलंच नाही. तिने टिपकागद उघडले तर वेल जिवंत, वर कागदाच्या कडेकडे निघालेला पांढुरका कोंब.

"सर, ही बाई मेलीच नाही हो."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. नलिनीने तीच वेल कुंडीत लावली आणि रोज पालथी पडून चित्रं काढली: पान खोडाला कसं वेढून बसतं, कुठल्या पेराला आधी मुळं फुटतात. "हिला माती नंतर लागते. आधी नुसती ओल पुरते," ती सांगायची.

जागा तिला मिळाली. "तुझं काम स्वच्छ आहे," सर मला म्हणाले. त्या 'स्वच्छ'मुळे मला कित्येक दिवस अन्न गोड लागलं नाही. चूक तिची, आणि कौतुकही तिचंच.

एमएस्सीचे वर्ग सुरू होण्याआधी तिचं लग्न हुबळीला ठरलं. सासरच्यांना पुढचं शिक्षण नको होतं. ती स्वतः मामांच्या घरी आली.

"सर आता तुलाच बोलावतील. जा, सरी? ठीक ना?"

"तुला वाईट वाटत नाही?"

"वाटतंय ना. तुझा फार हेवा वाटतोय, अक्का."

ते तिने चहाचा कप खाली ठेवत, सरळ माझ्याकडे बघून म्हटलं. हेवा करायची मला सवय होती. कुणी माझा करेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. मी जागा घेतली. असं उघड बोलणं मात्र मला तिच्यासारखं कधीच जमलं नाही, आणि त्याचाही मला हेवाच वाटतो.