टँकर जायच्या आत

"ए, शेवटचा बाक! ऊठ. ऑन टाइम आणि इन टाइम, फरक सांग."

बारामतीतला इंग्रजी बोलायचा क्लास. मी उठले. मला नाव हाय, पण सरांनी ते कधी तोंडानं घेतलं न्हाय. पहिल्या दिवशी आडनाव तेवढं विचारलं. ऐकून म्हणाले, "मागं बस."

क्लासचा नियम होता, उत्तर चुकलं की वर्ग झाडायचा. तीन महिन्यांत चुकले सगळेच. झाडला फक्त मी आणि आमच्याच वस्तीतल्या सुनीनं. सुनीनं क्लास सोडला. मी सोडला न्हाय. एमआयडीसीतल्या कंपनीत मुलाखतीला कुणाला पाठवायचं, ती यादी सरांच्या हातात होती आणि तिच्यात माझं नाव होतं. त्या नावासाठी मान खाली घालून झाडत राहिले. आता सांगायला लाज वाटती.

त्या दिवशी मात्र उत्तर पक्कं येत होतं. आमी इंदापूरकडची माणसं, दारात दोन म्हशी. मी म्हणलं, "सर, डेअरी सातला उघडती. बरोबर सातला पोचलं तर ऑन टाइम. उशीर झाला, पण टँकर जायच्या आत दूध घातलं, तर इन टाइम."

वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी नाक मुरडलं. "इंग्रजी शिकायला आलीस का शेण काढायला? झाडू घे."

घेतला.

मग सरांनी साखर कारखान्याच्या चेअरमनच्या पोराला उठवलं. पोरगं एकोणीस वर्षांचं, पण सर त्याला दादा म्हणायचे. "दादा, तुमी सांगा बरं." दादानं सांगितलं. तीच डेअरी, तेच सात, तोच टँकर. बापजन्मात ह्यानं दुधाची किटली उचलली न्हवती!

"व्हेरी गुड! ह्याला म्हणत्यात अनुभव." सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. तीन महिने मला वाटत होतं, माझं इंग्रजी कच्चं हाय. एसटीत उभ्यानं पाठ करत यायची मी, येड्यासारखी. इंग्रजीचा काय संबंधच न्हवता.

झाडू नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या पुस्तकावर. म्हणलं, "उत्तर माझं होतं. न्हाय झाडणार."

सर ओरडले न्हाईत. शांतपणे यादी काढली, पेनाचं टोपण उघडलं. "विचार कर. खोडू?"

"खोडा."

खोडलं.

घरी आबा म्हणाले, "चार दिवस अजून झाडलं असतं तर काय हात झिजलं असतं का?" त्यांचा सगळा जन्म असाच चार चार दिवस करत गेला. मी रडले, खोटं कशाला सांगू.

सोमवारी कंपनीच्या गेटवर जाणार हाय, एकटी. आत घेतलं न्हाय तर मंगळवारी परत. वॉचमन विचारंल, कुणी पाठवलं? सांगीन, कुणी न्हाय. त्याच्या रजिस्टरात माझं नाव मी माझ्या हातानं लिहिणार. आडनावासकट.