निमोण्याच्या मैदानाची किल्ली

मामा गेल्याचा फोन दौंडहून आला तेव्हा मी शिरूरच्या एसटी स्टँडवर होते. रविवार होता. आमच्या निमोण्याच्या मुलींना रग्बी शिकवता शिकवता ते दौंडच्या मैदानावर खाली बसले, ते उठलेच नाहीत...

देशाकडून खेळलेला हा माणूस जेमतेम सव्वापाच फूट. त्यांची जागा हाफबॅकची. दोन्ही संघांचे आडदांड गडी खांदे भिडवून रेटत असताना त्यांच्या पायांतून आलेला चेंडू उचलायचा आणि क्षणात मागच्या गड्याकडे फेकायचा. परदेशात लोक त्यांच्या सहीसाठी थांबायचे. गावात विचारायचे, "म्हंजी कबड्डीच ना?" मामा हसायचे, "व्हय, कबड्डीच. चेंडू घेऊन."

गावच्या शाळेच्या मैदानाला संस्थेचे अध्यक्ष आप्पांनी कुलूप घातलं, तेव्हा मात्र मामा हसले नाहीत. विनंती करायला मीही सोबत गेले होते, घरातली इंग्रजी शाळेत शिकलेली. "पोरींनी मातीत लोळायचं? कोण पत्करील ह्यांना?" आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आन् ही इंग्लिश मीडियम बोलती का न्हाई?" सगळे हसले. परतताना मामा म्हणाले, "नको बोलू बाय. पर इसरू नको." डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितला होता, तरी तीन वर्षं दर रविवारी ते मुलींना घेऊन एसटीने दौंडला जात राहिले.

शोकसभा आप्पांनीच ठेवली. फ्लेक्सवर मामांपेक्षा त्यांचा फोटो मोठा, आणि मामांच्या हातात कुणीतरी फुटबॉल चिकटवलेला. "मैदानाला त्यांचं नाव देतो," आप्पांनी डोळे पुसत जाहीर केलं. घरच्यांतर्फे मला बोलायला उभं केलं. "आप्पा, नाव नको. किल्ली द्या. आत्ता."

"उद्या बघू की गं."

"तीन वर्षं उद्याच चाललंय. मामांना दौंडला का जावं लागायचं, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

पत्रकारांचे मोबाईल वर झाले. किल्ली आप्पांच्या खिशातच होती.

शोकसभेत असं वागू नये, आप्पा वयानं मोठे आहेत, त्यांना माफ कर, असं नातेवाईक अजून सांगतात. नाही करणार.

आता रविवारी मुली निमोण्यातच खेळतात. चेंडू उचलण्याआधी मामा डाव्या तळव्याने जमीन चाचपायचे. हाफबॅकला उभी राहणारी आमची सोनाली तसंच करते, कुणी न शिकवता. आप्पा पूर्वी या मैदानात फिरायला यायचे. हल्ली बाहेरच्या रस्त्याने ट्रकांची धूळ खात जातात. मी फाटकात उभी असते. ते मान वळवतात. मी नाही वळवत.