समोरच्या गिरणीचे आप्पा

जळकोटच्या बाजारगल्लीत मी पिठाची गिरणी टाकली, तेव्हा समोर आधीपासून एक गिरणी होतीच. ती काशिनाथआप्पांची. मला दुसरीकडे जागा मिळाली नाही, म्हणून त्यांच्या तोंडासमोरच दुकान मांडावे लागले. पूजेच्या दिवशी आप्पा रस्ता ओलांडून येताना दिसले, तेव्हा मला वाटले, भांडायलाच येत आहेत. पण त्यांच्या हातात नारळ होता. तो फोडून त्यांनी गिरणीच्या दगडावर छिन्नीने नव्याने पाडलेल्या खाचा बोटांनी चाचपल्या आणि म्हणाले, "आत्ताच टाकी लावलीय जणू. पयलं दळण गिऱ्हाइकाला देऊ नगंस, पोरा. दगडाची कच ऱ्हाती. थोडा कोंडा दळून फेकून दे आधी."

आमची ओळख ही अशी झाली. आप्पांच्या अमृतमहोत्सवाच्या या अंकासाठी मला लिहायला सांगितले, तेव्हा माझी झोपच उडाली. माझी शाळा लहानपणीच सुटली. त्यांचे नाव 'आप्पा' लिहावे की 'अप्पा', इथपासून शंका. शेवटी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "कसंबी लिही. हाक मारली की मी येतो."

गिरणीत दळण संपले तरी थोडे पीठ आत चिकटून राहते. ते गिरणीवाल्याचे, असा सगळीकडचा रिवाज आहे. आप्पा मात्र पीठ पडते ते कापड झटकून झटकून शेवटची मूठ गिऱ्हाइकाच्याच डब्यात टाकतात. दगडाला नवी टाकी लावली असेल, त्या दिवशी आलेल्या बायांना सरळ सांगतात, "आज भाकरीत कचकच लागंल. उद्या या, न्हाय तर समोर जावा." समोर म्हणजे माझ्याकडे. सुरुवातीला मला वाटे, म्हातारे माझी थट्टा करीत आहेत.

तसे नव्हते, हे मला एका नवरात्रात कळले.

तुळजापूर जवळ असल्यामुळे आमच्याकडे नवरात्राचे उपवास कडक असतात. नऊ दिवस भगर आणि राजगिरा. ज्वारीचा कण पोटात गेला तरी उपवास मोडला, असे मानतात. म्हणून आप्पा घटस्थापनेच्या आधी आपल्या दोन गिरण्यांपैकी एक पूर्ण खोलून साफ करतात आणि दसऱ्यापर्यंत तिच्यावर फक्त उपवासाचे दळतात. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायाही त्यासाठी त्यांच्याकडेच येत. वर्षातला त्यांचा मोठा धंदा तोच.

त्या वर्षी तिसऱ्या माळेला सकाळी लाईट गेली. आली तेव्हा दारात डब्यांची रांग लागली होती. त्या घाईत खुद्द आप्पांच्याच हातून ज्वारीचा एक डबा उपवासाच्या गिरणीत पडला. तिच्यावर मागून चार-पाच जणींची भगर दळून गेली. गर्दी ओसरल्यावर कापड झटकताना आप्पांच्या ते ध्यानात आले.

मी सुटे मागायला गेलो होतो, म्हणून पुढचे माझ्या कानांनी ऐकले. आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हळूच म्हणाल्या, "पांढऱ्यात पांढरं मिसळलंय. कुणाला कळणाराय? समोर नवी गिरणी झालीय, उगं बोभाटा कशाला करताव? देवी माफ करंल."

"देवीचं अन् माझं मी बघून घेतो," आप्पा म्हणाले. "पर त्या बाया माझ्या भरवशावर घास तोंडात घालत्यात, त्याचं काय?" मग माझ्याकडे वळले. "काढ तुझी फटफटी. जेवायच्या आत गाठायचंय."

आम्ही दारोदार फिरलो. आप्पा प्रत्येक घरी चप्पल बाहेर काढून उभे राहत, झाले ते सांगत आणि म्हणत, "ते पीठ वापरू नगा. दुसरी भगर मी आणून देतो." कुणी हसून सोडून दिले, कुणी तोंड वाकडे केले. शेवटच्या वस्तीवर गोदाआजींचे थालीपीठ खाऊन झाले होते. आजी भडकल्या.

"आप्पा, तुमी सांगितलंच नसतं तर माझा उपास ऱ्हायला असता की!"

"व्हय माय," आप्पा हात जोडून म्हणाले. "पर माझा मोडला असता."

 आजींनी आत जाऊन आप्पांना तांब्याभर पाणी आणून दिले.

परतल्यावर आप्पांनी ती गिरणी बंद केली आणि दारावर खडूने लिहिले, 'उपवासाचे दळण समोर मिळेल.' मी म्हणालो, "आप्पा, मला भ्या वाटतंय. माझ्या हातनं असंच झालं तर?" ते म्हणाले, "हुईल की! माणूस हाईस. झालं तर घरी जाऊन सांगायचं, एवढंच." मग बाह्या मागे सारून बसले आणि माझा दगड त्यांनी स्वतः घासून दिला. साफ झाल्यावर पहिली भगर दळली, पिठाची चिमूट जिभेवर ठेवून पाहिली आणि मान हलवली.

आप्पांचे उपवासाचे गिऱ्हाईक आता तुटले, असे सगळी बाजारगल्ली म्हणत होती. मलाही आतून तसेच वाटत होते, आणि त्याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावे, हे कळत नव्हते. पुढच्या घटस्थापनेला गोदाआजी भगरीचा डबा घेऊन माझ्या दारावरून निघाल्या. मी हाक मारली, "आजी, इकडं मोकळं हाय की."

"तुझी बी गिरण चांगली हाय रे बाबा," त्या न थांबता म्हणाल्या. "पर आप्पांकडं चुकलं तर घरी येऊन सांगत्यात."

त्यांच्यामागून इतर बायाही गेल्या. मला राग आला नाही. रांग फार वाढली की आप्पा अजूनही तिकडून ओरडतात, "आगं, समोर जावा. चुकलं तर त्योबी सांगतोय आता!" माझ्या धंद्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळायचे नाही.

दर वर्षी घटस्थापनेच्या आधी आप्पा रस्ता ओलांडून येतात आणि माझ्या साफ केलेल्या दगडावरची पहिली चिमूट चाखतात. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो, जिभेची चव शाबूत राहो, आणि अजून पंचवीस नवरात्रे ती चिमूट त्यांनीच चाखावी, हे तुळजाभवानीकडे माझे मागणे आहे.