पाठ गावाकडे, तोंड माणसांकडे

आमची वहिनी उलटी चालते. घरात नाही, घरात ती सरळच चालते आणि आम्हालाही सरळ करते. पण डोंगरावरच्या त्या जुन्या गावात पाहुण्यांचा घोळका घेऊन चढायला लागली, की तिचं तोंड पाहुण्यांकडे आणि पाठ गावाकडे. वेशीपासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंतचा अख्खा दगडी चढ ती असाच चढते, बोलत, हातवारे करत, मागं वळून न बघता. तिनं हे काम नवीन धरलं तेव्हा मी दादाला म्हटलं होतं, "उलट्या पावलांच्या बायकांबद्दल लोक काय बोलतात ते ठाऊक आहे ना तुला?" दादानं हातातला खडू फेकून मारला. तो शिंपी आहे, हाताशी तेच होतं.

मी त्याच सहलीच्या बसचा ड्रायव्हर. सकाळी शहरातून माणसं घ्यायची, दुपारपर्यंत डोंगरावरचं गाव, मग पलीकडच्या उतारावरचं तळं, तिथं होडीतून एक चक्कर, चहा, आणि दिवस मावळायच्या आत परत. वहिनी गाईड, मी ड्रायव्हर. एका घरातली दोघं एकाच गाडीत असल्यामुळे आमची भांडणं घरी न्यावी लागत नाहीत, वाटेतच उरकतात.

गावात गाडी जात नाही. वेशीबाहेर गाडी लावायची, आरसे पुसायचे, एक डुलकी काढायची, हा माझा कार्यक्रम. त्यामुळे वहिनी वर जाऊन नेमकं काय करते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या वळणापर्यंत ती उलटी चढताना दिसायची, पुढं घोळका आड यायचा. मला वाटायचं, हौस आहे. मिरवायची हौस तिला आहेच. चष्म्याची फ्रेमसुद्धा लालभडक घेते.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती कित्येक महिने घरी अडकली. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दादाचं दुकान. तिथंच शिवणयंत्राच्या शेजारी तिची खाट टाकली होती. पँट आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकाला वेशीच्या कमानीपासून मनोऱ्यापर्यंतचा सगळा इतिहास ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. लोक पँट घेऊन जायचे आणि दादाला म्हणायचे, वहिनींना लवकर बरं वाटू दे.

इकडे ऑफिसात नवा मॅनेजर आला होता. तरुण, टापटिपीचा, बोलायला मऊ. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? त्यानं प्रत्येक पाहुण्यासाठी कानात घालायचं यंत्र आणलं. गाईडनं झेंडा धरून पुढं चालायचं, कॉलरला लावलेल्या माइकमध्ये बोलायचं, आणि पाहुण्यांनी मागून ऐकत यायचं. वहिनी कामावर परत येते म्हणाली तेव्हा तो काळजीनं म्हणाला, "ताई, ऑपरेशन झालेला गुडघा, दगडी चढ, आणि तुम्ही उलट्या चालणार? कुठं पडलात तर?" शेवटी असं ठरलं की पहिल्या फेरीला तो स्वतः बरोबर येणार. त्याला पटलं तर ठीक, नाहीतर वहिनीनं ऑफिसच्या खिडकीत बसून तिकिटं द्यायची.

"खिडकीत बसून तिकिटं फाडू मी?" घरी आल्यावर वहिनी कडाडली. "त्यापेक्षा ह्यांच्या शर्टांना बटणं लावीन."

एवढं बोलून ती गप्प झाली ती झालीच. त्या संध्याकाळी तिनं मला चपला नीट ठेवा म्हटलं नाही, दादाला जेवताना रेडिओ बंद करा म्हटलं नाही. आमची दोघांची पाचावर धारण बसली. ते काम गेलं तर तिचं काय होईल, हे आम्हाला न सांगता कळत होतं.

सहलीच्या दिवशी सकाळी दादानं मला दारात अडवलं. "आज गाडीत झोपायचं नाही. तिच्याबरोबर वर जायचं. ती पडली तर तू घरी येऊ नकोस."

म्हणून त्या दिवशी मी गाडीला कुलूप घातलं आणि घोळक्याच्या शेवटी उभा राहिलो. मॅनेजर मधोमध होता, काखेत गुंडाळलेला झेंडा, खांद्याला यंत्रांची पिशवी. वेशीच्या कमानीखाली वहिनी सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

"एक आत्ताच सांगून ठेवते," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघत चालणार. माझ्या मागं काय आहे ते मला दिसत नाही. ते तुम्ही बघायचं आणि मला सांगायचं. सांगितलं नाहीत तर मी पडेन, आणि दोष तुमचा."

लोक हसले. मॅनेजर हसला नाही.

चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की मी आजवर खाली बसून काय घालवलंय. सगळी माणसं समोर बघत होती, अगदी डोळे ताणून. "बाई, सायकल!" "डावीकडं बादली आहे!" "मांजर, मांजर!" वहिनी न बघता पाय उचलून मांजर ओलांडायची आणि बोलणं चालूच. आणि एकदा बघायला लागलेली माणसं नुसती सायकल-बादली बघून थांबतात थोडीच? कुणाला खिडकीखालची दगडी कडी दिसली. छत्री घेतलेल्या एका जाडजूड आजीबाईंना भिंती दिसल्या.

"अहो, ह्या घरांच्या भिंती अर्ध्या काळ्या दगडाच्या आणि अर्ध्या पांढऱ्या का?" त्यांनी विचारलं.

वहिनी ह्याचीच वाट बघत होती. तिचा चेहरा खुलला. "गावाला वेढा पडला होता," ती म्हणाली. "तट एका जागी ढासळला. चिरे आणायचे कुठून? मग इथल्या बायकांनी आपापल्या घराच्या भिंती काढून दगड तटाला दिले. वेढा उठेपर्यंत अर्ध्या घरात राहिल्या. नंतर मिळेल त्या दगडानं भिंती पुऱ्या केल्या. पांढरा दिसतो तो नंतरचा."

लोकांनी त्या भिंतींना हात लावून पाहिला. हेच गाडीत माइकवर सांगितलं असतं तर निम्मे पेंगले असते, हे मी अनुभवानं सांगतो.

पुढं कोरडा हौद लागतो. त्याच्या बाजूनं बोळ वर जातो. वहिनीच्या आठवणीत तिथं साधा चढता फरसबंद रस्ता होता. ती खाटेवर पडून होती त्या महिन्यांत नगरपालिकेनं तो उखडून तिथं पायऱ्या केल्या होत्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, मी तर वर कधी येतच नव्हतो. ती वेढ्याचीच गोष्ट पुढं सांगत, हात उडवत मागं मागं सरकत होती. तिची टाच दगडाला अडली असती तर ती सरळ पाठीवर आपटली असती. मला ते दिसलं.

"पायरी!"

सगळे एकदमच ओरडले. वहिनी एक पाय अधांतरी धरून थबकली.

"इथं पायरी नव्हती," ती म्हणाली.

"आता आहे," आजीबाई म्हणाल्या.

वहिनीनं पाय हळूच टेकवला. टाचेनं दगड चाचपला. "उंच आहे की बुटकी?"

"बुटकी. पण कड जरा फुटलीय. उजवीकडून घ्या."

तेवढ्यात मॅनेजर पुढं झाला. त्याचा आवाज कापत होता. "ताई, बास झालं. वळा. सरळ चाला."

मी बाह्या सरसावल्या. आता वहिनी त्याला चारचौघांत सोलून काढणार अशी माझी खात्री होती. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. पण ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." त्याच्या हातून झेंडा घेतला, माइक लावला, आणि वळली. आम्ही कानात यंत्रं घातली.

आवाज फार सुरेख येत होता, अगदी कानात बसून बोलल्यासारखा. गोष्टही तीच. पण दोन बोळ ओलांडेपर्यंत एकाचा फोन बाहेर आला होता आणि एक जोडपं जेवणाचं बोलायला लागलं होतं. कुणी काही विचारत नव्हतं. मी स्वतः माझ्या पुढच्या माणसाची मानच बघत चाललो होतो; शर्टाच्या कॉलरची शिवण उसवली होती, दादाकडं पाठवायला हवा असा विचार करत होतो. गाव दोन्ही बाजूंनी निघून जात होतं. मॅनेजरनं कानातलं यंत्र काढलं आणि तो बाजूला उभा राहून माणसांकडं बघायला लागला.

आजीबाई छत्री टेकून वाटेतच थांबल्या. "अहो बाई, आम्ही काय तुमची पाठ बघायला आलोय? तोंड दाखवा की! मागचं बघायला आम्ही आहोत ना, मेलो नाही अजून."

वहिनी थांबली, पण वळली नाही. नुसती मान मागं करून मॅनेजरकडं बघत राहिली. तो घुटमळला. "मग असं करू," तो म्हणाला, "ड्रायव्हर तुमच्या मागं चालतील, लक्ष ठेवायला."

मी लगेच निघालो. दादाचा हुकूमच होता.

"भाऊजी, जागेवर!" वहिनी गरजली. "तुम्ही बघायला लागलात तर हे लोक कशाला बघतील?"

मी होतो तिथं खिळलो. मॅनेजरला बोलणं समजायला थोडा वेळ लागला. मग तो पुढं गेला, वहिनीच्या हातातला झेंडा घेतला आणि गुंडाळून काखेत मारला. वहिनी वळली. आमच्याकडं तोंड करून तिनं असा काही श्वास सोडला की कानातल्या यंत्रांतून तो सगळ्यांना ऐकू गेला, आणि सगळे हसले.

मनोऱ्यापाशी चढ संपतो आणि पलीकडचं तळं एकदम खाली दिसतं. सगळ्यांना दिसलं, वहिनी सोडून. ती तळ्याकडं पाठ करून आमची तोंडं बघत होती. आजीबाईंचा हात आपोआप छातीशी गेला, फोनवाला फोन खिशात विसरून गेला, आणि वहिनी ते सगळं असं बघत होती की जणू तळं तिथंच आहे. मी तळं पाहिलं, मग तिला पाहिलं. आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली. ही आमच्या घरची, एवढं एकच मनात आलं.

तळ्यावर वहिनी तोंड उघडत नाही. तो तिचा नियम. "तिथं सांगण्यासारखं काही नाही, म्हणून तर नेते," असं म्हणते. पाणी हललं तरी ऐकू यावं अशी शांतता असते. होडीत मॅनेजर नावाड्यासमोर बसला होता. नावाडी नेहमीसारखा, जायचं त्या दिशेला पाठ करून वल्ही मारत होता. बराच वेळ मॅनेजर त्याच्याकडं बघत राहिला. मला राहवेना.

"साहेब, ह्यालाही वळून बसायला सांगा की," मी म्हणालो.

वहिनीनं डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. मॅनेजर मात्र तोंड दाबून हसत होता, होडी हलेपर्यंत.

परतीच्या वाटेवर तो पुढच्या सीटवर वहिनीशेजारी येऊन बसला. म्हणाला, "ताई, खिडकीसाठी मी दुसरं कुणी बघतो. गुडघा दुखला त्या दिवशी मात्र न लाजता सांगायचं." आणि थोड्या वेळानं, "बाकीच्या गाईडनाही हे शिकवाल का?"

"शिकवीन," वहिनी म्हणाली. "पण भीती वाटणार हे आधीच सांगा त्यांना. मला रोज वाटते. लोकांना ती दिसते, म्हणून तर ते बघतात."

दादा दारातच उभा होता, गळ्यात टेप, हातात कुणाची तरी अर्धी शिवलेली पँट. "पडली का?" त्यानं मला विचारलं, जणू ती तिथं नव्हतीच. वहिनी खुर्चीत बसली, पाय स्टुलावर ठेवला. मी पायरीचं सगळं सांगितलं, आणि म्हणालो, "नशीब, सगळे एकदम ओरडले."

"सगळे नंतर," वहिनी म्हणाली. "आधी एकच ओरडला."

"कोण? त्या आजीबाई?"

"मॅनेजर. तुम्हाला मागून काय दिसणार? तोंडं माझ्यासमोर होती. पोराचा चेहरा आधी पांढराफटक झाला आणि मग हाक आली. म्हणून तर तो वळा म्हणाला तेव्हा मी वळले. आपल्यासाठी ज्याचा जीव एवढा वरखाली झाला, त्याचं एकदा ऐकायला काय हरकत आहे?"

नोकरी जायची वेळ, पाय अधांतरी, आणि बाई समोरच्याचा चेहरा वाचत होती.

आता सकाळी गाडी सुटायच्या आधी माइक पहिल्यांदा मी घेतो. म्हणतो, "नमस्कार, ह्या तुमच्या गाईड. आणि माझ्या वहिनी." ती चिडते. चिडू दे.