टाकीतले मासे आणि ऑर्डरसाहेब

माणसानं माणसावर जळावं, यात नवल नाही. ऑर्डरसाहेब माशांवर जळत.

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात आजवर आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक साहेबांनी बोलून बोलून गळाला लावलेलं. पाहुण्यांना गाडीतून आणायचे ते, मालकांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे ते, आणि चहा संपायच्या आत ऑर्डर पक्की. म्हणून सगळे त्यांना ऑर्डरसाहेब म्हणत. बायकोही म्हणे, पण तिचा सूर जरा वेगळा असे.

कारखान्यामागे नाला होता. आत लाल कापड रंगलं की नाला लाल, निळं रंगलं की निळा. नाल्याकाठच्या वस्तीत साहेबांची मेहुणी राहायची. "भावोजी, सध्या हिरव्याला मागणी दिसतेय," असं ती जेवण वाढता वाढता म्हणायची आणि साहेब ते हसण्यावारी न्यायचे. मग एक दिवस तीच वस्तीतल्या बायकांना घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. प्रत्येकीच्या हातात रंगीत पाण्याची बाटली. ते फोटो लांबलांबच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचले. पाण्याचं काय करता, असं त्यांनी विचारलं. पाठोपाठ बँकेनंही विचारलं. मालक आधी हसले, मग चिडले, आणि मोठ्या ऑर्डरी हातच्या जायला लागल्यावर मुकाट्यानं पाणी साफ करायचा प्लांट बांधून मोकळे झाले.

प्लांटवर बॉयलरखात्यातला एक घुम्या माणूस नेमला. त्याचं नाव पडलं पाणीवाला. साफ झालेलं पाणी शेवटी एका उघड्या टाकीत येई, तिथं त्यानं मासे सोडले. पाणी कसं आहे ते मला नका विचारू, त्यांना विचारा, एवढंच तो म्हणे.

झालं. आता गिऱ्हाइकं उतरत ती थेट टाकीकडे. पाणीवाल्यानं काठाशी बोट टेकवलं की सगळे मासे लगबगीनं तिथं जमत आणि पाहुणे फोटो काढत. रुसलेली गिऱ्हाइकं परतली, साफ पाणी पुन्हा वापरता येऊ लागल्यानं खर्च उतरला, आणि मालकांच्या शेजारच्या खुर्चीत पाणीवाला बसू लागला. तेही रबरी बुटांसकट.

"अहो, ऑर्डर कुणामुळे का येईना, आली ना?" बायको म्हणाली.

"मी काही म्हणतोय का?"

"जागेपणी नाही म्हणत. काल झोपेत माशांना शिव्या देत होतात."

सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडच्या खरेदीच्या बाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या. वर्षभराची ऑर्डर त्यांच्या हातात. पाणीवाला जेवायला गेलेला पाहून साहेब हळूच टाकीशी गेले आणि त्यांनी बोट टेकवलं. एकही मासा फिरकला नाही. भल्याभल्यांना पटवलेला माणूस, आणि मासे ढुंकून बघेनात. साहेब तरातरा गेले, पाहुण्यांसाठी आणलेली क्रीमची बिस्किटं घेऊन आले आणि एक कुस्करून टाकलं. मासे धावले. साहेबांचा ऊर भरून आला. "या, या, लाजू नका," असं अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणत त्यांनी पुडेच्या पुडे रिकामे केले.

सकाळी बाई आल्या. वस्तीचं माणूसही बरोबर हवं, हा त्यांचा हट्ट, म्हणून मेहुणीही होती. टाकीत पाणी दुधट झालेलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि दोन उलटे तरंगत होते.

पाणीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. मालक त्याच्याकडे असे बघत होते, की खुर्ची तिथल्या तिथं रिकामी झाली.

"भावोजी, हेच का ते साफ पाणी?" मेहुणीनं विचारलं.

बाईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला.

साहेबांना क्षणभर गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला. पण पाणीवाला गुडघ्यांवर बसून आपल्याच पाण्याचा वास घेत होता, आणि पिशवीची चेन लागत होती. ऑर्डर निघाली होती. ऑर्डर निघालेली साहेबांना बघवत नाही.

"बिस्किटं," ते म्हणाले. "मी घातली. क्रीमची."

"का पण?" मालकांनी विचारलं.

"ते माझ्याकडे येत नव्हते."

आधी मेहुणी हसली, मग बाई. टाकीत पडण्याआधीचं पाणी बाईंनी नळीतूनच बाटलीत भरून घेतलं आणि तपासायला नेलं. ते स्वच्छ निघालं. ऑर्डर आली.

आता बाईंचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, "तुमचे बिस्किटवाले साहेब कसे आहेत?" साहेब ते सगळ्यांना सांगत सुटतात. पाणीवाला मात्र घुश्शात असतो.

"पाणी साफ करायचं मी," तो परवा म्हणाला, "आणि चौकशी तुमची."

"चालायचंच," असं म्हणून साहेब, या माणसाच्या पोटात किती दुखतंय ते डोळे भरून बघत टाकीकडे निघाले.

"खिसे दाखवा आधी," पाणीवाला आडवा येत म्हणाला.